परदेशातील शेती प्रशिक्षण : जे-१ व्हिसा कसा मिळवावा?

आंबेगाव तालुक्यातील पारगाव परिसर हा घोड नदीच्या खोऱ्यातील बागायती पट्टा. डिंभे धरणाचे पाणी, भीमाशंकर सहकारी साखर कारखाना, जवळच मंचर व नारायणगावच्या बाजारपेठा यांमुळे ऊस, कांदा, बटाटा, टोमॅटो ही पिके येथे स्थिरावली आहेत. शेजारच्या जुन्नर तालुक्यात द्राक्षबागाही आहेत. या भागातील अनेक घरांतील मुले-मुली आज कृषी पदवीधर आहेत. अशा घरात मुलगा एक दिवस म्हणतो, "वर्षभर अमेरिकेत शेतीचे प्रशिक्षण आहे, पगारही मिळतो, एजंटला मात्र आधी पैसे द्यावे लागतील." तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांना हो म्हणावे की नाही हे समजत नाही. हो म्हटले तर कर्ज, नाही म्हटले तर मुलाची संधी जाते. हा निर्णय माहितीच्या आधारे घेता यावा यासाठी प्रस्तुत लेखात प्रशिक्षणाच्या व्हिसाची कार्यपद्धती दिली आहे.

परदेशात जाऊन शेती शिकणे महाराष्ट्राला नवे नाही. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत शेतीचे शिक्षण घेतले व पुढे मेक्सिकोतील चापिंगो येथील कृषी विद्यालयात अध्यापन केले. आपण ज्या द्राक्षाला थॉम्पसन सीडलेस म्हणतो, ते नावही कॅलिफोर्नियातून आले. शिकण्यासारखे तेथे पुष्कळ आहे. मात्र त्यासाठी योग्य मार्गाने जाणे आवश्यक आहे.

जे-१ व्हिसा म्हणजे काय?

अमेरिकेने १९६१ साली शैक्षणिक व सांस्कृतिक देवाणघेवाणीचा कायदा केला. त्याखाली परदेशी नागरिकांना ठरावीक काळासाठी शिकण्यास बोलावले जाते. या पाहुण्यांना जे-१ व्हिसा मिळतो. हा नोकरीचा व्हिसा नाही, तसेच कायम वास्तव्याचाही नाही. हंगामी शेतमजुरांसाठी तेथे वेगळा व्हिसा आहे. अभ्यासदौऱ्यासाठी आठ-पंधरा दिवस जाणाऱ्या शेतकऱ्यांचा व्हिसाही वेगळा असतो. दौऱ्याच्या व्हिसावर जाऊन एखाद्या फार्मवर काम करणे हा नियमभंग ठरतो व पुढे त्या देशाची दारे बंद होऊ शकतात.

या व्यवस्थेत तीन पक्ष असतात. पहिला प्रशिक्षणार्थी. दुसरा यजमान, म्हणजे ज्या फार्मवर, रोपवाटिकेत किंवा कंपनीत शिकायचे तो. तिसरा व सर्वांत महत्त्वाचा पक्ष म्हणजे प्रायोजक संस्था. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली संस्थाच प्रायोजक होऊ शकते आणि मूळ प्रमाणपत्र तीच देते. गावातील किंवा पुण्यातील एजंट हे प्रमाणपत्र देऊ शकत नाही. मान्यताप्राप्त प्रायोजकांची यादी परराष्ट्र खात्याकडून सर्वांसाठी प्रसिद्ध केलेली असते. एजंटने सांगितलेले नाव त्या यादीत आहे की नाही हे सर्वप्रथम तपासावे.

कोण पात्र ठरतो?

शेतीसाठी दोन प्रकार उपयोगी आहेत.

१) इंटर्न : भारतातील महाविद्यालयात उच्च शिक्षण घेत असलेला विद्यार्थी, किंवा उत्तीर्ण होऊन बारा महिन्यांच्या आत प्रशिक्षण सुरू करणारा पदवीधर. मुदत जास्तीत जास्त बारा महिने.

२) ट्रेनी : पदवी किंवा व्यावसायिक प्रमाणपत्र आणि त्याच विषयातील किमान एक वर्षाचा अमेरिकेबाहेरील अनुभव असलेली व्यक्ती. पदवी नसल्यास त्या क्षेत्रातील पाच वर्षांचा अनुभव लागतो. इतर बहुतेक क्षेत्रांत ट्रेनीची मुदत अठरा महिन्यांपर्यंत असली तरी शेतीसाठी ती बारा महिने आहे. मूळ कार्यक्रमातच सहा महिन्यांचे वर्गशिक्षण समाविष्ट असेल तरच शेतीतही अठरा महिने मिळतात.

येथे एक बाब लक्षात घ्यावी. बी.एस्सी. कृषी झाल्यावर पुष्कळ मुले स्पर्धा परीक्षेची तयारी करतात. त्यात वर्ष निघून गेले की इंटर्नची पात्रता संपते. मग ट्रेनी म्हणून जायचे तर एक वर्षाचा अनुभव दाखवावा लागतो आणि तो नसतो. म्हणून ज्याला जायचे आहे त्याने शेवटच्या वर्षात, ग्रामीण कृषी कार्यानुभवाच्या काळातच, चौकशी सुरू करावी. दहावीनंतरची कृषी पदविका ग्राह्य धरली जाईल का, हे प्रायोजकाकडून लेखी विचारून घ्यावे.

घरच्या शेतीवर पाच वर्षे काम केलेल्या तरुणाने अनुभवाचे पुरावे जमवून ठेवावेत. सातबारावरील पीकनोंद, कारखान्याकडील ऊसनोंदीच्या पावत्या, बाजार समितीतील विक्रीच्या पट्ट्या, कृषी विज्ञान केंद्रातील प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे हे कागद उपयोगी पडतात. ते पुरेसे आहेत की नाहीत हे प्रायोजक ठरवतो. याशिवाय कामापुरते इंग्रजी बोलता येणे आवश्यक आहे. प्रायोजक प्रत्यक्ष, दूरध्वनीवर किंवा व्हिडिओवर मुलाखत घेऊन त्याची खात्री करतो.

प्रशिक्षण आराखडा : सर्वांत महत्त्वाचा कागद

डीएस-७००२ हा प्रशिक्षणाचा लेखी आराखडा असतो. त्यात कोणत्या टप्प्यात काय शिकवणार, कोण देखरेख करणार, आठवड्याला किती तास काम, विद्यावेतन किती, मूल्यमापन केव्हा हे सर्व लिहिलेले असते. त्यावर प्रशिक्षणार्थी, यजमान व प्रायोजक अशा तिघांच्या सह्या होतात. काम आठवड्याला किमान ३२ तासांचे असावे लागते. अकुशल किंवा मजुरीच्या स्वरूपाचे काम नियमाने वर्ज्य आहे, तर कार्यालयीन किरकोळ काम वीस टक्क्यांहून अधिक देता येत नाही.

हा आराखडा वाचल्याशिवाय सही करू नये. बारा महिने फक्त तोडणी व पेट्या भरणे असे लिहिलेले असेल, तर ती मजुरी आहे, प्रशिक्षण नव्हे. चांगल्या आराखड्यात उदाहरणार्थ पहिले तीन महिने रोपवाटिका, पुढे ठिबक व खत व्यवस्थापन, मग कीड-रोग सर्वेक्षण, शेवटी काढणीपश्चात हाताळणी व शीतगृह असा क्रम असतो. शेतात हात मातीत घालावेच लागतात, त्यात कमीपणा नाही. मात्र त्या कामातून नवे काय शिकायला मिळणार, हे कागदावर असले पाहिजे.

कागदपत्रे व क्रम

१) पासपोर्ट प्रथम काढावा. नाव व पत्ता सर्व कागदांवर सारखा असावा. आपल्या गुणपत्रिकेवर बहुधा आडनाव आधी, मग स्वतःचे व वडिलांचे नाव असते. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना वेगळा असतो. पत्त्यातही घोटाळा होतो. आंबेगाव तालुक्यात पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक आहे, जुन्नर तालुक्यात पारगाव तर्फे आळे आहे, शिवाय जिल्ह्यात आणखीही पारगाव आहेत. म्हणून गावाचे पूर्ण नाव, तालुका व पिनकोड न चुकता लिहावा.

२) यजमान निश्चित करून प्रायोजकाकडे अर्ज करावा. आराखडा मंजूर झाल्यावर प्रायोजक डीएस-२०१९ हे प्रमाणपत्र देतो. त्याशिवाय व्हिसाचा अर्ज होत नाही.

३) सेविस शुल्क भरून डीएस-१६० हा संगणकीय अर्ज भरावा व व्हिसा शुल्क भरावे. २०२५ साली सेविस शुल्क २२० डॉलर व व्हिसा शुल्क १८५ डॉलर होते. जुलै २०२५ च्या अमेरिकी कायद्याने २५० डॉलरचे आणखी एक शुल्क मंजूर केले आहे. त्यामुळे भरणा करण्यापूर्वी चालू दर पाहावेत.

४) मुंबईत दोन वेळा हजर राहावे लागते. एकदा व्हिसा अर्ज केंद्रात बोटांचे ठसे व छायाचित्रासाठी आणि एकदा वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात मुलाखतीसाठी.

५) जून २०२५ पासून जे-१ च्या अर्जदारांना समाजमाध्यमांवरील आपली खाती सर्वांना दिसतील अशी ठेवण्यास सांगितले जाते. अर्जात माहिती लपवू नये.

मुलाखत

मुलाखत बहुधा काही मिनिटांचीच असते. कोठे जाणार, काय शिकणार, परत येऊन काय करणार, हे तीन प्रश्न मुख्य. उत्तरे पाठ करू नयेत. आपला आराखडा आपल्याला स्वतःच्या शब्दांत सांगता यावा. "घरी चार एकर आहे, दोन एकर टोमॅटो असतो, काढणीनंतर माल खराब होतो, तेथे शीतसाखळी शिकून परत येऊन पॅकहाऊस काढायचे आहे," असे खरे व नेमके उत्तर पुरेसे असते. अर्जदार परत येणार आहे अशी अधिकाऱ्याची खात्री झाली नाही, तर व्हिसा नाकारला जातो. सातबारा, आठ-अ यांसारखे कागद सोबत असावेत, परंतु निर्णय मुख्यतः बोलण्यावरून होतो. डीएस-२०१९ हाती आले म्हणजे व्हिसा मिळालाच असे नाही. नकार आल्यास व्हिसा शुल्क परत मिळत नाही.

फसवणुकीपासून सावधान

नेमके येथेच कुटुंबे अडचणीत येतात. पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

* "व्हिसाची हमी" देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. व्हिसाची हमी कोणीही देऊ शकत नाही.
* व्हिसा हाती येण्यापूर्वी जमीन गहाण टाकू नये, सोसायटीचे पीककर्ज या कामी वळवू नये किंवा परतीच्या अटी न पाहता विमानाचे तिकीट काढू नये.
* प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. प्रायोजकाचे शुल्क किती व एजंटचे किती, हे वेगवेगळे लिहून मागावे.
* मूळ पासपोर्ट व पदवी प्रमाणपत्र एजंटकडे ठेवू नये.
* खोटे अनुभवपत्र जोडू नये. खोटेपणा उघड झाल्यास कायमची बंदी येऊ शकते.

तेथे पोहोचल्यावर

डीएस-२०१९ वरील प्रारंभ तारखेच्या आधी तीस दिवसांहून लवकर प्रवेश मिळत नाही व कार्यक्रम संपल्यावर परतीच्या तयारीसाठी तीस दिवस मिळतात. या तीस दिवसांत काम करता येत नाही. आरोग्य विमा सक्तीचा आहे. प्रत्येक आजार वा अपघातास किमान एक लाख डॉलरचे संरक्षण असावे लागते. पोहोचताच प्रायोजकास कळवावे. यजमान आराखड्याबाहेरचे काम देत असेल, पैसे अडवत असेल किंवा पासपोर्ट काढून घेत असेल, तर गप्प बसू नये. प्रथम प्रायोजकास लेखी कळवावे. परराष्ट्र खात्याची जे-१ पाहुण्यांसाठी मदतवाहिनी आहे, तिचाही उपयोग करावा. प्रायोजकाला न कळवता परस्पर दुसऱ्या फार्मवर जाणे मात्र टाळावे, कारण त्याने कार्यक्रमच रद्द होतो.

पूर्वी अनेक भारतीय प्रशिक्षणार्थींवर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट येत असे. डिसेंबर २०२४ मध्ये कौशल्य यादीतून भारताचे नाव वगळल्याने त्या कारणाने ही अट आता येत नाही. सरकारी पैशातून गेलेल्यांना मात्र ती लागू असते. पुन्हा ट्रेनी म्हणून जायचे असेल तर दोन वर्षे अमेरिकेबाहेर राहिलेले असावे लागते.

परत आल्यावर

प्रशिक्षणाचे खरे मोल गावी आल्यावर ठरते. तेथे रोजची नोंदवही ठेवावी : कोणते काम, कोणते अवजार, किती खर्च, किती उत्पादन. तेथील शेकडो एकरांचे तंत्र आपल्या दोन-चार एकरांना जसेच्या तसे लागू पडत नाही. पाणी मोजून देणे, कीड मोजून मग फवारणी करणे, माल काढल्याबरोबर थंड करणे, हिशेब ठेवणे या सवयी मात्र कोणत्याही क्षेत्राला लागू पडतात. त्या प्रथम दहा गुंठ्यांवर करून पाहाव्यात व नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांशी चर्चा करून वाढवाव्यात.

थोडक्यात, पात्रता वेळेत तपासावी, प्रायोजकाची खात्री करावी, आराखडा वाचून सही करावी आणि व्हिसा हाती येईपर्यंत जमिनीवर बोजा चढवू नये. एवढे पाळले, तर व्हिसा नाकारला गेला तरी घर सावरलेले राहते आणि मिळाला तर एक वर्षाचे शिक्षण संपूर्ण शिवाराच्या कामी येते.