लंगडणाऱ्या मुलाची नोंद का महत्त्वाची? समजून घ्या

शहादा तालुक्यातल्या लोणखेड्यात एखादं मूल लंगडू लागलं, तर घरचे आधी म्हणतात, 'खेळताना पडलं असेल.' दुखणं थांबलं नाही की मग शहादा, नंदुरबार, कधी नाशिक किंवा सुरत. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर. पाच वर्षांनी ते मूल कसं चालतंय, हे मात्र कुठल्याच कागदावर नसतं.

रजिस्ट्री म्हणजे काय?

एकाच आजाराच्या रुग्णांची ठरलेल्या पद्धतीने ठेवलेली नोंद : वय, एक्स-रे, उपचार आणि काही वर्षांनंतरची स्थिती. खुब्याचे काही आजार इतके कमी आढळतात की एकाच डॉक्टरच्या अनुभवावरून कोणता उपचार चांगला, हे ठरवणं अवघड असतं.

त्याने काय साधतं?

पर्थेस आजारात मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाचा रक्तपुरवठा काही काळ बंद पडतो. नॉर्वेत १९९६ ते २००० या काळात २८ रुग्णालयांनी अशा ४२५ मुलांची नोंद केली. पाच वर्षांनी निकाल पाहिले, तेव्हा सहा वर्षांवरील आणि निम्म्याहून जास्त टोक बाधित असलेल्या मुलांना शस्त्रक्रियेचा फायदा दिसला. पायाला लावायचा ब्रेस मात्र व्यायामापेक्षा सरस ठरला नाही. सहाच्या आतल्या मुलांत कोणत्याही उपचाराने फारसा फरक पडला नाही. म्हणजे कुणाला ऑपरेशन हवं आणि कुणाला नको, हे नोंदीतून कळलं.

नंदुरबारशी संबंध काय?

इथल्या भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल आढळतो. विळ्यासारख्या झालेल्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्या अडवतात आणि खुब्याचं हाड मरू शकतं. एक्स-रेत हे पर्थेससारखंच दिसू शकतं, पण मूळ आजार वेगळा, म्हणून काळजीही वेगळी. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या सिकलसेल तपासणीचं उद्दिष्ट आहे. या नोंदीला खुब्याची तपासणी जोडली, तर हाड खचण्याआधीच मूल सापडू शकेल.

पालकांनी काय करावं?

• गुडघा दुखतो म्हणणाऱ्या मुलाचा खुबाही तपासून घ्या. खुब्याचं दुखणं अनेकदा गुडघ्यात जाणवतं.
• ताप आहे आणि मूल पाय टेकवत नाही? त्याच दिवशी दवाखाना गाठा.
• सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर करून घ्या.
• जुने एक्स-रे, केसपेपर जपा आणि बरं वाटलं तरी फेरतपासणी चुकवू नका.