वर्षभराची पाहुणी

समजा, ऑगस्टातल्या एका दुपारी नीरा-बारामती रस्त्यावर कोऱ्हाळे बुद्रुकच्या थांब्याला एसटीतून १६ वर्षांची एक जर्मन मुलगी उतरली. पाठीवर तिच्याएवढीच बॅग, आणि असल्या दमट हवेतही अंगात निळा कोट. कोटावर पाच-सहा बिल्ले. मायदेशी परतेपर्यंत ते शंभरावर जातील. ती कुणाची नातेवाईक नाही की सहलीला आलेली नाही. पुढचे दहा महिने तिला इथंच राहायचं आहे, इथल्याच हायस्कुलात बाकावर बसायचं आहे.

खरं सांगायचं तर ती एसटीनं येणार नाही. पुण्याच्या विमानतळावर तिला घ्यायला हार-तुरे घेऊन चार माणसं गाडी करून जातील, आपल्याकडची पद्धतच आहे तशी. आणि अशी मुलगी कोऱ्हाळ्यात येऊन गेली आहे, असंही मी म्हणत नाही. पण पुण्यात अशी मुलं वर्षानुवर्षं येतात, मराठी घरांत राहतात. मग कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्या, सोमेश्वर कारखान्याच्या शेजारच्या गावात एखादी यायचीच झाली, तर तिला कुठली कुठली दारं ओलांडावी लागतील, ते क्रमानं पाहू.

पहिला प्रश्न, हिला पाठवतं कोण? शाळा पाठवत नाही आणि सरकारही सहसा पाठवत नाही. हे काम जगभर प्रामुख्यानं स्वयंसेवी संस्था करतात. त्यातली एक जुनी संस्था एएफएस. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी सैनिकांना वाहून नेणारे अमेरिकन रुग्णवाहिका चालक हे तिचं मूळ. दुसरं महायुद्ध संपल्यावर या चालकांना वाटलं, की मेलेल्यांना आणि घायाळांना खूप वाहिलं, आता पोरं एकमेकांच्या घरी राहिली तर बरं. १९४७ साली १० देशांतले ५२ विद्यार्थी अमेरिकेत शिकायला गेले आणि सध्याच्या पद्धतीची सुरुवात झाली. भारतातही ही संस्था काम करते.

दुसरी वाट रोटरीची, आणि आपल्या तालुक्याला तीच जवळची, कारण क्लब बारामतीत आहे. कोटावरचे बिल्ले ही रोटरीच्या मुलांची खूण. प्रत्येक मूल आपल्या देशाचे बिल्ले पिशवीभर घेऊन निघतं आणि भेटेल त्याच्याशी अदलाबदल करतं. रोटरीच्या वर्षभराच्या योजनेत १५ ते १९ वयाची मुलं घेतात. इकडचा एक क्लब मूल पाठवतो, तिकडचा एक क्लब मूल घेतो. विमानाचं तिकीट, विमा, व्हिसा हा खर्च पाठवणाऱ्या आई-बापांचा. जेवण-राहणं यजमान घराचं, त्याबद्दल कुणी कुणाला पैसे देत नाही. महिन्याचा थोडा हातखर्च यजमान क्लब देतो.

इथंच एक ग्यानबाची मेख आहे. अदलाबदल म्हटली की एक गेला तर एक आला पाहिजे. आपल्याकडं जाणाऱ्यांची रांग मोठी. येणाऱ्याला घरात ठेवून घ्यायला तयार असणारी माणसं मोजकी. त्यामुळं गाडी अडते ती बहुतेक वेळा घराच्या उंबऱ्यावर. शाळेच्या फाटकावर क्वचितच.

आता कागद. तिला विद्यार्थी व्हिसा लागतो, आणि त्यासाठी कोऱ्हाळ्याच्या शाळेचं ‘आम्ही हिला घेतो’ असं पत्र लागतं. पर्यटक व्हिसावर येऊन वर्षभर शाळेत बसता येत नाही. पर्यटकाला फार तर भाषा, गाणं, स्वयंपाक असलं काही, तेही ६ महिन्यांच्या आत आणि प्रमाणपत्राशिवाय शिकता येतं. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त असेल तर भारतात उतरल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. हे काम २०१८ पासून ऑनलाइन झालं आहे, म्हणजे कागदांची चळत घेऊन पुण्याला खेटे घालायचे दिवस बरेचसे सरले.

त्याहून घाईचं काम यजमानाचं असतं आणि ते पुष्कळांना ठाऊक नसतं. परदेशी माणसाला मुक्कामाला ठेवलं तर २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. हॉटेलवाले याला वर्षानुवर्षं ‘सी फॉर्म’ म्हणत आले. हा नियम लॉजला आहे तसाच तुमच्या-माझ्या घरालाही आहे. विद्यार्थ्याला दाखल करून घेणाऱ्या संस्थेलाही अशीच नोंद करावी लागते. शिवाय वडगाव निंबाळकरच्या पोलीस ठाण्यात आधीच जाऊन ‘आमच्याकडं असं असं मूल येतंय’ एवढं सांगून यावं, हा माझा सल्ला. नियमात असो-नसो, गावात ते शहाणपणाचं.

शाळेत काय होतं? कागदोपत्री ती नववी-दहावीच्या वर्गात बसेल, पण बोर्डाच्या परीक्षेशी तिचा संबंध नसतो. तिच्या देशात त्या वर्षाला किती किंमत द्यायची, ते तिची शाळा ठरवते. त्यामुळं मुख्याध्यापकांना एक मोकळीक मिळते. गणित ती सहज धरू शकते, कारण आकडे सगळीकडं सारखे. चित्रकला, पीटी आणि कवायतीला भाषेची अडचण नाही. इंग्रजीच्या तासाला तर गुरुजींनी तिच्याकडून धडा वाचून घ्यावा, अर्थात जर्मन मुलीचे इंग्रजी उच्चार हे पुस्तकातले असतीलच असं नाही. इतिहासाच्या तासाला ती खिडकीबाहेर पाहणार. पाहू द्यावं. मराठीसाठी मात्र तिला पहिलीच्या वर्गात बसवावं. बाराखडी गिरवणारी १६ वर्षांची पोरगी पाहून पहिलीतली पोरं जी खूश होतात आणि ज्या अधिकारानं तिला ‘ळ’ म्हणायला लावतात, तेवढ्यात दोन्ही बाजूंचं शिक्षण होतं.

शिक्षकांची गोष्ट वेगळी आणि जास्त अवघड. परदेशी शिक्षकाला पगारावर ठेवायचं तर नोकरीचा व्हिसा लागतो, आणि त्यासाठी वर्षाचा पगार किमान १६ लाख २५ हजार रुपये असावा लागतो. या अटीतून भाषाशिक्षकांना सूट आहे, पण त्यात इंग्रजी शिकवणारे येत नाहीत. म्हणजे गावाला हवा इंग्रजीचा मास्तर, आणि सवलत मिळते फ्रेंचच्या किंवा जपानीच्या! नोंदणीकृत सामाजिक संस्थेत मानद काम करायला येणाऱ्यांसाठी वेगळी सोय आहे. पर्यटक म्हणून आलेल्यालाही बिनपगारी स्वयंसेवा करता येते, पण ती जास्तीत जास्त १ महिना. तेव्हा खेड्यातल्या हायस्कुलात परदेशी शिक्षक दिसला तर तो बहुधा चार आठवड्यांचा पाहुणा असतो. चार आठवड्यांत व्याकरण शिकवण्याच्या भानगडीत पडू नये. पोरांना त्याच्याशी नुसतं बोलू द्यावं.

तसं परदेशी शिक्षक हे काही मराठी मुलखाला नवीन नाहीत. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार १८३९ साली अहमदनगरला गेल्या आणि १८६२ मध्ये वारल्या त्या तिथंच. मधली सगळी वर्षं मुलींना शिकवण्यात गेली. सावित्रीबाई फुल्यांचं अध्यापनाचं शिक्षण त्यांच्याकडं झालं, असं सांगतात. महिनाभराची स्वयंसेवा आणि हे, यांत किती अंतर आहे ते वेगळं सांगायला नको.

पुणे जिल्ह्यात परदेशी मुलांचं खरं मोठं ठाणं मात्र मुळशीत, पौडजवळच्या डोंगरावर आहे. १९९७ साली सुरू झालेलं महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज. नाव कॉलेजचं, पण शिक्षण अकरावी-बारावीच्या तोडीचं, दोन वर्षांचं आयबी डिप्लोमा. ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी आराखडा केलेल्या त्या काळ्या दगडी इमारतींमध्ये कितीतरी देशांची मुलं एकत्र राहतात. शिक्षकही देशोदेशीचे. निवड प्रत्येक देशातली समिती करते आणि ऐपत नसलेल्याला शिष्यवृत्ती मिळू शकते, म्हणजे आपल्याकडच्या दहावीच्या हुशार मुला-मुलीनं अर्ज करायला हरकत नाही. पण ते वसतिगृह आहे. तिथं यजमान घर नसतं, आणि मला या सगळ्या प्रकारात रस आहे तो घरातच.

ज्यांना घर जमत नाही त्यांच्यासाठी पडद्याची वाट आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांनी हे करून दाखवलं. इंटरनेटवरून वर्गाला परदेशातल्या वर्गांशी जोडायचं, दूरच्या जागांची सफर घडवायची, एकमेकांशी वैर असलेल्या देशांतल्या मुलांना बोलतं करायचं. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, १० लाख डॉलरचं. त्यातला निम्मा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर ९ शिक्षकांना देऊन टाकला. कोऱ्हाळ्याच्या शाळेला हे उद्या सुरू करता येईल. अडचण घड्याळाची. आपल्या सकाळी ११ च्या तासाला जर्मनीत शाळा अजून भरलेली नसते, तेव्हा दुपारच्या सुट्टीनंतरचा तास धरावा. अमेरिका आपल्या शाळेच्या वेळेत झोपलेलीच असते.

आता घर. रोटरीत एकाच घरावर वर्षभर भार टाकत नाहीत. साधारण तीन-चार घरं वाटून घेतात. निवडीपूर्वी घरी येऊन पाहतात, माणसांची चौकशी करतात. स्वतंत्र खोली लागतेच असं नाही, घरातल्या मुलीबरोबर खोली चालते. स्वतंत्र पलंग मात्र हवा. क्लबातली एक व्यक्ती तिची समुपदेशक म्हणून नेमतात आणि ती यजमान घरातली नसावी अशी अट असते. घराविरुद्धच काही सांगायचं असेल तर पोरीनं जायचं कुणाकडं? हा नियम मला सगळ्यांत शहाणा वाटतो. मुलांना पाळायचे नियम ड या अक्षरात बसवले आहेत: ड्रिंकिंग, ड्रग्ज, डेटिंग आणि ड्रायव्हिंग बंद. पहिल्या तिन्हींना गावातली आजी मान डोलावेल. चौथ्यावर मात्र घरात हसू फुटेल, कारण तिच्याच वयाचा नातू रोज बुलेटवर कारखान्याला चक्कर मारून येतो. त्याच्या मागं तिला बसवू नये, एवढं आजीनं बघायचं.

आणि पहिल्या रात्रीची एक यादी असते. जेवण झाल्यावर मुलगी आणि घरची माणसं समोरासमोर बसतात आणि ती एकेक प्रश्न विचारते. कपडे कुणी धुवायचे? अंघोळीला कोणती वेळ? घरात कुठल्या कामाला मी हात लावायचा? भूक लागली तर फ्रीज उघडू का, की विचारू? बाहेर जाताना कुणाला सांगायचं? आपल्या घरांत यातला एकही प्रश्न कुणी कधी तोंडानं विचारलेला नसतो, म्हणून उत्तरं देताना घरच्यांचीच आपसांत जुंपते. काकी म्हणणार, सात वाजता पाणी तापतं. काका म्हणणार, पाहुणी आहे, उठेल तेव्हा उठू दे. यादीतला पहिला प्रश्न मात्र सोपा असतो, ‘मी तुम्हाला काय म्हणू?’, आणि त्याचं उत्तर स्वयंपाकघरातून, हात पुसत पुसत येतं.