शेतावरची भाजी, आठवडाभराचं जेवण

शेतावरून दर आठवड्याला येणाऱ्या भाजीत निवड हंगामाची असते: पावसाळ्यात दोडका, पडवळ, भेंडी, थंडीत मेथी, मुळा, वालपापडी. पालेभाजी निवडून, न धुता कोरड्या फडक्यात गुंडाळावी आणि दोन-तीन दिवसांत संपवावी. भेंडी, वांगी त्यानंतर. अख्खा लाल भोपळा महिनाभरही टिकतो, म्हणून तो शेवटी. बाळाला 6 महिने पूर्ण झाले की हाच भोपळा वाफवून, कुस्करून, मीठ न घालता भरवता येतो. मुळ्याचा पाला तर मुळीच टाकू नये. मुगाची डाळ घालून त्याची फार सुरेख भाजी होते. मुलं नवी भाजी सुरुवातीला बहुधा नाकारतात. तीच 8-10 वेळा, थोडी थोडी, आग्रह न करता ताटात वाढत राहावी.