रेणूचा झोका

आमच्या लोधीखेडा-सौंसर भागातली मुले घरी मराठी बोलतात आणि विज्ञान हिंदीत शिकतात. त्यातून एक घोटाळा नेहमी होतो. हिंदीतला 'अणु' म्हणजे मराठीतला रेणू, आणि मराठीतल्या अणूला हिंदीत 'परमाणु' म्हणतात. साहजिकच 'आणविक आयन' वाचले की मराठी मन अणुबाँबकडे धावते. वास्तविक हा इलेक्ट्रॉन गमावलेला, विद्युतभारित रेणू असतो.

सर्वांत साधा नमुना हायड्रोजनचा. लेसरच्या अतिलघु स्पंदाने रेणूतला एक इलेक्ट्रॉन उडवला की उरलेल्या एकट्या इलेक्ट्रॉनची पकड सैल पडते. दोन्ही प्रोटॉन झोक्यासारखे लांब-जवळ होऊ लागतात. एका हेलकाव्याला सुमारे 15 फेम्टोसेकंद लागतात. सेकंदाचे दहा लाख भाग करून त्यातल्या एकाचे पुन्हा शंभर कोटी भाग केले, तर एक फेम्टोसेकंद हाती येतो. इतक्या वेळात प्रकाशसुद्धा मिलिमीटरचा तीन दशसहस्रांश भागच पुढे सरकतो. म्हणून दुसऱ्या स्पंदाला आरशांवरून किंचित लांबच्या वाटेने आणले, की हवा तेवढा उशीर साधतो. हा दुसरा स्पंद उरलेला इलेक्ट्रॉनही काढून घेतो. मग प्रोटॉन एकमेकांना दूर लोटतात. जितके जवळ होते, तितक्या जोराने. त्या जोरावरून आधीचे अंतर कळते.

याला 'रेणूचे चलच्चित्र' म्हणण्याचा मोह आम्हा साहित्याच्या माणसांना होतो. पण पाहिलेला प्रत्येक रेणू पाहण्यातच मोडतो. चित्र जुळते ते वेगवेगळ्या उशिराने मोडलेल्या असंख्य रेणूंवरून.

झोक्याची उपमाही अर्धीच खरी. प्रोटॉन इथे चेंडूसारखा एका जागी नसतो, लाटांच्या जुडग्यासारखा पसरलेला असतो. 2006 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथे जड हायड्रोजनच्या आयनावर (तो सावकाश हलतो, म्हणून सोयीचा) हे जुडगे विस्कटताना आणि 500 फेम्टोसेकंदांहून थोड्या अधिक काळाने पुन्हा एकवटताना दिसले. साधा झोका थांबला की आपोआप परत सुरू होत नाही. 'तरंगपुंज' हा शब्द मी इथे मुद्दाम टाळतो, कारण 'पुंजयामिकी'त 'पुंज' क्वांटमसाठी आधीच खर्च झाला आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दीपक माथूर आणि सहकाऱ्यांनी तीव्र लेसर स्पंदांखाली रेणू कसे आयनित होतात आणि फुटतात, याचा अभ्यास केला. फेम्टोसेकंदांच्या या रसायनशास्त्रासाठी अहमद झेवैल यांना 1999 चे नोबेल मिळाले. 2023 चे भौतिकीचे नोबेल त्याहून हजारपट लहान ॲटोसेकंदांच्या स्पंदांसाठी होते. तिथे प्रोटॉनऐवजी इलेक्ट्रॉनची हालचाल टिपली जाते.