भूजल प्रतिमानाचे चित्र : रेषा, बाण आणि विहीर

भूजलाच्या संगणकीय प्रतिमानातून हाती येतात ते केवळ आकडे : प्रत्येक चौकटीतील जलपातळी आणि एका चौकटीतून दुसरीत जाणारे पाणी. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने 1984 मध्ये प्रसिद्ध केलेली ‘मॉडफ्लो’ ही प्रणाली याच पद्धतीची आहे. आकडे डोळ्यांना दिसावेत म्हणून दोन प्रकारची चित्रे काढली जातात. समान जलपातळीची ठिकाणे जोडून समपातळी रेषा काढतात. प्रवाहाची दिशा आणि वेग बाणांनी दाखवतात. या दुसऱ्या चित्रास सदिश आलेख म्हणतात.

भूगोलाच्या तासाला डोंगराच्या समोच्च रेषा सर्वांनीच पाहिलेल्या असतात. नेमकी त्या ओळखीमुळेच पहिली चूक होते. रेषा दाट असतील तेथे जलपातळीचा उतार तीव्र असतो हे खरे, पण तेथे पाणी जोरात वाहते असे मात्र नाही. फ्रान्समधील अभियंता आंरी डार्सी याने 1856 मध्ये मांडलेल्या नियमानुसार प्रवाह हा उतार आणि पारगम्यता यांच्या गुणाकाराइतका असतो. घट्ट खडकातून तेवढेच पाणी पुढे जायचे तर उतार अधिक लागतो, म्हणून तेथे रेषा दाटतात.

बाण रेषांना काटकोनात असतात, हेही सर्वत्र लागू नाही. पारगम्यता सर्व दिशांना सारखी असेल तरच तसे घडते. दख्खनच्या बेसाल्टमध्ये भेगा एकाच दिशेने जास्त असतील, तर बाण त्या दिशेकडे कलतात.

खरी गफलत होते ती बाणाच्या लांबीत. समजा, पारगम्यता दिवसाला 2 मीटर आणि उतार 100 मीटरला 1 मीटर आहे. गुणाकार येतो दिवसाला 0.02 मीटर, म्हणजे वर्षाला सुमारे 7 मीटर. गळक्या मैलाटाकीच्या उताराकडील बाजूस 200 मीटरवर पिण्याच्या पाण्याची विहीर असेल, तर हा बाण पाहणारा निर्धास्त होईल. पण पाणी खडकाच्या संपूर्ण छेदातून जात नाही. एकमेकींना जोडलेल्या पोकळ्यांतूनच वाट काढते. अशा पोकळ्या 2 टक्के धरल्या, तर 0.02 ला 0.02 ने भागावे लागते. पाण्याचा प्रत्यक्ष वेग दिवसाला 1 मीटर येतो आणि टाकीतले पाणी सुमारे 200 दिवसांत विहिरीशी पोहोचू शकते. मराठीत दोन्ही राशींना सर्रास ‘वेग’च म्हटले जाते, त्याने गोंधळात भरच पडते.

म्हणून विद्यार्थ्याने आणलेल्या चित्रातील रंग पाहण्यापूर्वी त्याची सूची पाहावी. बाणाची लांबी डार्सीचा प्रवाह दाखवते की पाण्याचा प्रत्यक्ष वेग, आणि प्रत्यक्ष वेग असेल तर पोकळ्यांचे प्रमाण किती धरले, हे तेथे लिहिलेले नसेल, तर त्या बाणांवरून विहिरीविषयी काहीच सांगता येत नाही.