घरावरील सिमेंटचे पत्रे व ते उतरविण्याची रीति

वैशाख सरत आला व आभाळांत पहिले ढग दिसूं लागले कीं, विश्रांतवाडी, धानोरी, टिंगरेनगर, कळस या भागांतील वस्त्यांतून छप्परें दुरुस्त करण्याची एकच घाई उडते. आळंदीहून पुण्यास जाणारी माउलींची पालखी याच रस्त्यानें जाते, आणि त्या सुमारास पावसाचाही आरंभ होतो. म्हणून तत्पूर्वींच कोणी फुटका पत्रा बदलतो, तर कोणी सारे पत्रे काढून वर स्लॅब घालतो. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टींत अशाच एका गल्लींतून जात असतां जें आमच्या दृष्टीस पडलें, त्यावरून हे चार शब्द आमच्या विद्यार्थ्यांसाठीं व त्यांच्या पालकांसाठीं लिहावे असें आम्हांस वाटलें.

एका खोलीच्या छपरावर बसून एक मजूर करड्या रंगाचे सिमेंटचे पत्रे हातोड्यानें फोडीत होता. पत्रे आवळणारे लोखंडी आकडे गंजले होते; ते सोडवीत बसण्यापेक्षां पत्राच फोडणें त्यास सोयीचें वाटत होतें. तुकडे धडाधड अंगणांत पडत व पांढुरका धुरळा उडे. घरची बाई तो खराट्यानें लोटीत होती, आणि चार-पांच मुलें त्यांतील बेताचे तुकडे निवडून लगोरी रचीत होतीं. यांत कोणाच्याही मनांत वाईट नव्हतें. उणीव होती ती माहितीची.

हा पत्रा नुसत्या सिमेंटचा नसतो. त्यांत शेंकडा ८ ते १० भाग ॲस्बेस्टॉस नांवाचा खनिज पदार्थ असतो. तो खाणींतून निघतो. परंतु इतर दगडांप्रमाणें त्याचा भुगा न होतां कापसासारखे तंतु सुटतात. हे तंतु आगीनें जळत नाहींत, पाण्यानें कुजत नाहींत व फार चिवट असतात. सिमेंटांत ते मिसळले म्हणजे पातळ पत्राही बळकट होतो. तो गंजत नाहीं, टिनापेक्षां कमी तापतो, पावसांत कमी वाजतो आणि स्वस्तही पडतो. गरीब व मध्यम स्थितींतील लोकांनीं तो आपल्या घरावर घातला यांत नवल नाहीं.

परंतु जो गुण छपरास उपकारक, तोच शरीरास घातक ठरतो. हे तंतु माणसाच्या केसाहून कितीतरी पटींनीं बारीक असतात व पुष्कळ वेळां डोळ्यांस दिसतही नाहींत. श्वासाबरोबर ते फुप्फुसांच्या तळापर्यंत जातात. तेथें ते विरघळत नाहींत, व त्यांतले सगळे शरीरास बाहेरही टाकतां येत नाहींत. त्यांच्या टोंचणीनें फुप्फुसें हळूहळू कठीण होतात. या विकारास ॲस्बेस्टॉसिस म्हणतात. फुप्फुसाचा कर्करोग व फुप्फुसांच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नांवाचा कर्करोग हेही त्यापासून होतात. विशेष भयंकर गोष्ट ही कीं, रोग दिसूं लागण्यास २० ते ४० वर्षें, कधीं त्याहूनही अधिक काळ लागतो. तोंवर ती धूळ कोठें व केव्हां नाकांत गेली, याची रोग्यास आठवणही नसते. जो मनुष्य या धुळींत काम करून वर विडी-सिगारेट ओढतो, त्यास फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनीं वाढतो.

हें ज्ञान जगास एका दिवसांत झालें नाहीं. इंग्लंडांतील रॉचडेल गांवीं नेली कर्शॉ नांवाची एक स्त्री ॲस्बेस्टॉसचें सूत काढण्याच्या गिरणींत लहानपणापासून काम करीत असे. १९२४ सालीं वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षीं ती वारली. डॉ. विल्यम कुक यांनीं तिचीं फुप्फुसें तपासून या रोगाचें वर्णन वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. पुढें १९३१ सालीं त्या देशांत गिरण्यांतील धुळीविषयीं नियम झाले. १९६० सालीं डॉ. वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दक्षिण आफ्रिकेंतील ३३ रोग्यांची हकीकत छापली. त्यांतील कित्येकांनीं खाणींत कधींही काम केलें नव्हतें; तीं माणसें केवळ खाणींच्या आसपास राहिलीं होतीं, व कांहीं जण लहानपणीं तेथील टाकाऊ मालाच्या ढिगांवर खेळलेले होते. ही हकीकत आठवली म्हणजे विश्रांतवाडीच्या अंगणांतील ती लगोरी आमच्या डोळ्यांपुढें येते.

ब्रिटननें १९९९ सालीं या पदार्थाचा वापर पूर्णपणें बंद केला, व २००५ पासून युरोपीय संघाच्या सर्व देशांत त्यास बंदी आहे. क्लेमांसो नांवाचें फ्रेंच युद्धनौकेचें धूड मोडण्याकरितां गुजराथेंतील अलंग येथें येणार होतें. त्यावरील ॲस्बेस्टॉसवरून वाद माजला व २००६ सालीं फ्रान्सनें तें परत बोलाविलें. आपल्या देशांत मात्र परदेशांतून येणाऱ्या पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचे पत्रे अद्यापि होतात व विकले जातात. २७ जानेवारी १९९५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांतील प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद किमान ४० वर्षें ठेवावी, आणि रोग जडल्याचें सिद्ध झाल्यास त्यास एक लाख रुपये भरपाई द्यावी. निर्णय थोर आहे; परंतु मजूर अड्ड्यावरून एका दिवसाच्या रोजानें आणलेल्या व आपल्या छपरावर बसून पत्रे फोडणाऱ्या माणसाचें नांव कोणत्या नोंदवहींत असणार?

हें वाचून कोणी घाबरून जाऊं नये, किंवा उद्यांच शिडी लावून पत्रे उतरवूं नयेत. मुख्य तत्त्व असें आहे कीं, अखंड पत्र्यांतील तंतु सिमेंटांत जखडलेले असतात. पत्रा फुटला, कापला, घासला किंवा जुना होऊन त्याचा पृष्ठभाग झिजला, म्हणजे ते सुटतात. तेव्हां पत्रा धड असेल तर त्यास तसाच राहूं द्यावा. त्यास भोंकें पाडूं नयेत, करवत लावूं नये, आणि शेवाळ काढण्यासाठीं तारेच्या ब्रशानें तो खरवडूं नये. झीज थोडी असेल तर वरून रंगाचा जाड थर देवविणें बरें. हल्लीं ॲस्बेस्टॉस नसलेले पत्रेही मिळतात. परंतु नुसत्या पाहण्यानें फरक कळत नाहीं, तो प्रयोगशाळेंतच कळतो. म्हणून जुना पत्रा ॲस्बेस्टॉसचाच आहे असें धरून चालावें.

पत्रे काढणें भागच पडलें, तर तें काम घरच्या माणसांनीं हौसेनें करण्याचें नव्हे. जाणत्या व साधनें बाळगणाऱ्या कंत्राटदाराकडून करवावें. परंतु काम नीट होतें कीं नाहीं हें घरधन्यास कळलें पाहिजे, म्हणून त्याची रीति येथें देतों.

प्रथम मुलें, वृद्ध व शेजारी यांस दूर करावें. आसपासच्या घरांचीं दारें-खिडक्या लावून घ्याव्या. घरांतील सामान बाहेर काढावें किंवा झांकावें, व खालीं जमिनीवर जाड प्लॅस्टिक अंथरावें. वाऱ्याच्या दिवशीं हें काम करूं नये. दुसरें असें कीं, पत्र्यावर पाय देऊं नये. जुना पत्रा वरून भक्कम दिसला तरी माणसाच्या भारानें अकस्मात् मोडतो. धूळ वीस वर्षांनीं मारील, पण ही पडझड त्याच क्षणीं मारते. म्हणून फळ्या टाकून व दोर बांधून काम करावें. तिसरें, पत्रे पाण्यानें हलकेच भिजवावे. पाण्यांत थोडा साबण घातल्यास तें चांगलें मुरतें. मात्र जोराचा फवारा मारूं नये. चौथें, गंजलेले आकडे सोडवावे किंवा कापावे. पत्रा फोडूं नये. सुटलेला अखंड पत्रा दोघांनीं धरून सावकाश खालीं द्यावा, वरून टाकूं नये.

काम करणाऱ्यानें तोंडास रुमाल बांधणें हें केवळ मनाचें समाधान होय. रुमालांतून हे तंतु सहज जातात. साध्या वैद्यकीय मुखपट्टीनेंही भागत नाहीं. एफएफपी-३ किंवा पी-१०० या दर्जाचा, चेहऱ्यास घट्ट बसणारा मुखवटा लागतो. अंगावर वापरून टाकून देण्याजोगा पोषाख असावा. तो घरीं नेऊं नये, कारण अशा कपड्यांची धूळ झटकून ते धुणाऱ्या बायकांसही हा रोग झाल्याचे दाखले आहेत. काम संपल्यावर जमीन झाडूं नये; ओल्या फडक्यानें पुसावी व तीं फडकींही पत्र्यांबरोबरच बांधावीं. नंतर सर्वांनीं स्वच्छ स्नान करावें.

उतरविलेल्या पत्र्यांचें काय करावें? न्हाणीघराची आडभिंत, कोंबड्यांचें खुराडें, टाकीचें झांकण अशा कामीं ते पुन्हां लावण्याची आपल्याकडे रीत आहे, ती सोडावी. ओढ्याकांठीं किंवा सार्वजनिक राडारोड्यांतही ते टाकूं नयेत, कारण तेथें ते गाडीखालीं भरडले जातात. पत्रे व तुकडे जाड प्लॅस्टिकांत दुहेरी गुंडाळून चिकटपट्टीनें बंद करावे व वर ठळक अक्षरांत ‘ॲस्बेस्टॉस – फोडूं नये’ असें लिहावें. घातक कचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट लावणारें केंद्र पुणें जिल्ह्यांत रांजणगांव येथें आहे. मात्र एकट्या घरधन्यास तेथपर्यंतची व्यवस्था लावणें कठीण. म्हणून काम सुरू करण्याच्या आधींच महानगरपालिकेच्या येरवडा-कळस-धानोरी क्षेत्रीय कार्यालयांत व महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे विचारणा करावी. गल्लींतील चार-पांच घरांनीं मिळून एकदम काम केलें तर खर्च वांटला जाईल आणि अर्जासही वजन येईल.

खर्चाची अडचण आम्हांस ठाऊक आहे. ज्या घरांत पावसाआधीं पत्रा बदलण्यापुरते पैसे जेमतेम जमतात, तेथें मुखवटा व प्लॅस्टिक यांचा खर्च जड वाटणारच. पण पाणी, धीर व एका दिवसाऐवजीं दोन दिवसांची मजुरी एवढ्यानेंही पुष्कळ धूळ वांचते. पत्रा फोडून जो दिवस आपण वांचवितों, त्याची किंमत दुसरा कोणी पुढें आपल्या श्वासानें चुकवितो.

त्या दिवशीं आम्हीं मुलांस बोलावून त्यांची लगोरी मोडविली, त्यांस हातपाय धुवावयास लाविलें, व हें सर्व थोडक्यांत समजावून सांगितलें. आपलें कर्तव्य केलें अशा समाधानांत आम्ही निघालों, तोंच त्यांतला एक लहानगा म्हणाला, “सर, आम्हांला सांगितलंत, पण वर बसलेल्या मामांना सांगितलंत का?” आम्हीं सांगितलें नव्हतें. उद्यां सांगूं असें म्हणून आम्ही घरीं गेलों. दुसऱ्या दिवशीं गेलों तों छप्पर मोकळें झालें होतें व तो मजूर दुसऱ्या कामावर निघून गेला होता. कोठें, हें त्या घरच्यांसही ठाऊक नव्हतें.

यंदा वैशाखांत आपल्या घरीं किंवा शेजारीं कोणी छपरावर चढला, तर विद्यार्थ्यांनीं अंगणांत उतरण्याआधीं त्या माणसास हांक मारून ही गोष्ट सांगावी, एवढीच आमची विनंति आहे.