उत्क्रांतीचा धडा आणि मराठवाड्याची कपाशी

जानेवारी 2018 मध्ये, आपले शहर सरकारदप्तरी औरंगाबाद या नावानेच नोंदलेले असताना, येथे अखिल भारतीय वैदिक संमेलनाच्या निमित्ताने आलेले तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी असे प्रतिपादन केले की, डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असून शाळा-महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमांत त्या दृष्टीने बदल झाला पाहिजे. कारण माकडाचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांपैकी कोणीही लिहून वा सांगून ठेवलेले नाही. वक्ते मुंबईचे माजी पोलीस आयुक्त, रसायनशास्त्राचे उच्चशिक्षित, आणि ज्या खात्याच्या अखत्यारीत देशाचे शिक्षण चालते त्याच खात्याचे मंत्री; तेव्हा हे त्यांचे खासगी मत आहे असे म्हणून ते सोडून देण्याची सोय नव्हती. लगोलग देशातील तिन्ही प्रमुख विज्ञान अकादमींनी संयुक्त पत्रक काढून उत्क्रांतीच्या सिद्धांताची ग्वाही दिली, वरिष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनी आपल्या सहकाऱ्यांना अशा विधानांपासून दूर राहण्याची समज दिली, आणि प्रकरण मिटले. परंतु 'पाहिले कोणी?' हा त्यांचा प्रश्न सरळ होता, आणि दहावीतील कोणताही मुलगा तो विचारील. म्हणून त्याचे उत्तरही सरळच दिले पाहिजे.

ते उत्तर त्या दिवशी शहराबाहेर कपाशीच्या रानात उभे होते. 2017 च्या खरिपात शेंदरी बोंडअळीने मराठवाड्यातील व विदर्भातील कपाशीचा जो विध्वंस केला, त्याची आठवण पैठण, कन्नड, सिल्लोड या तालुक्यांतील कास्तकारांना अजून आहे. कित्येकांनी उभी पऱ्हाटी उपटून टाकली, तलाठ्यांनी पंचनामे केले, आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात नुकसानभरपाईची घोषणा झाली. बोंडअळी मारणारे विष स्वतःच्या अंगी बाळगणारी बीटी कपाशी 2002 मध्ये, शेजारच्या जालन्याच्या महिको कंपनीच्या सहभागाने, आपल्याकडे आली व 2006 मध्ये दोन विषांचे वाण आले. कोट्यवधी अळ्यांमध्ये जन्मतःच ज्या थोड्या अळ्यांना ते विष पचत होते, त्या जगल्या. त्यांचे पतंग झाले, त्या पतंगांची प्रजा वाढली, आणि शेंदरी अळीच्या एका हंगामात अनेक पिढ्या होत असल्याने दहा-पंधरा वर्षांत विषाला दाद न देणाऱ्या अळ्यांचेच रानात प्राबल्य झाले. अळीने हेतुपुरस्सर काही केले नव्हते आणि तिला कोणी शिकवलेही नव्हते. निर्वंश कोणाचा व्हावा आणि वंश कोणाचा चालावा, एवढेच त्या विषाने ठरवले. डार्विनने 1859 मध्ये ज्या प्रक्रियेला नैसर्गिक निवड म्हटले ती हीच होय.

याहून मला महत्त्वाची वाटते ती बियाण्याच्या पाकिटातील दुसरी, लहान पुडी. बीटीच्या 450 ग्रॅम बियाण्याबरोबर साध्या कपाशीचे 120 ग्रॅम बियाणे वेगळे मिळत असे, आणि ते शेताच्या कडेने पेरावे असा नियम होता. साध्या कपाशीवर विषाला बळी पडणाऱ्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांचा संकर विष पचवणाऱ्या मोजक्या पतंगांशी व्हावा, आणि होणाऱ्या प्रजेवर विषाची मात्रा चालावी, अशी ती योजना होती. म्हणजे सरकारने उत्क्रांती गृहीत धरूनच तो नियम घातला होता. परंतु त्याचे कारण शेतकऱ्याला नीट कोणी सांगितले नाही, आणि ती पुडी बहुतेक ठिकाणी बांधावर फेकली गेली. हा धडा ज्या मुलाने शाळेत समजून घेतला असेल, तो ती पुडी सहसा फेकणार नाही.

यावर आक्षेप असा येईल की, अळी शेवटी अळीच राहिली. आक्षेप रास्त आहे. दीर्घ काळातील स्थित्यंतरे डोळ्यांदेखत घडत नाहीत. त्यांचा निवाडा परिस्थितिजन्य पुराव्यावर करावा लागतो, आणि साक्षीदार नाही म्हणून तपासच बंद करावा, असे कोणताही पोलीस अधिकारी मानणार नाही. आजच्या माकडापासून माणूस झाला, असे जीवशास्त्र म्हणतही नाही. दोघांचा पूर्वज एक होता, असे ते म्हणते. चिंपांझीच्या पेशीत 48 गुणसूत्रे असतात आणि माणसाच्या 46. माणसाचे दुसरे गुणसूत्र दोन जुनी गुणसूत्रे टोकाला टोक जुळून झाले असून, त्या टोकांच्या खुणा आजही त्याच्या मध्यभागात वाचता येतात. नामशेष झालेल्या महाकाय हत्तीचे जीवाश्म तर आपल्याच गोदावरीच्या गाळात, वर नांदूरमधमेश्वराजवळ, मिळालेले आहेत.

अमेरिकेत या वादाने निराळे वळण घेतले. सजीवांची रचना इतकी गुंतागुंतीची आहे की तिच्यामागे बुद्धिमान रचनाकार मानलाच पाहिजे, हे मत उत्क्रांतीच्या जोडीने मुलांच्या कानी घालण्याचा ठराव पेनसिल्व्हेनियातील डोव्हर गावच्या शाळा मंडळाने केला. पालक न्यायालयात गेले, आणि डिसेंबर 2005 मध्ये न्यायमूर्ती जॉन जोन्स यांनी ते मत विज्ञान नव्हे असा निकाल दिला. त्या मताचे प्रमुख पुरस्कर्ते मायकेल बेही यांना उलटतपासणीत कबूल करावे लागले की, त्यांनी केलेल्या विज्ञानाच्या व्याख्येत फलज्योतिषही बसेल. 'दोन्ही बाजू शिकवा' ही मागणी ऐकायला न्याय्य वाटते, परंतु विज्ञानाच्या तासाला बाजू म्हणून उभे राहायचे तर पडताळून पाहता येईल असे काही हाती असावे लागते. ईश्वरावरील श्रद्धेला या धड्यापासून कोणताही धोका नाही, आणि त्या श्रद्धेनेही धड्यात जागा मागू नये. डार्विनवर शास्त्रज्ञांनीच घेतलेले आक्षेप आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात, 'आनुवंशिकता व उत्क्रांती' या पहिल्याच प्रकरणात, दिलेले आहेत. वाद शिकवण्याची योग्य रीत तीच.

खेद याचा की, मंत्र्यांच्या भाषणाने जे झाले नाही ते पुढे भार हलका करण्याच्या नावाखाली झाले. करोनाच्या काळानंतर एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला आणि प्रकरणाचे नाव नुसते 'आनुवंशिकता' उरले. 2023 मध्ये अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक व विज्ञानप्रेमींनी पत्र लिहून निषेध नोंदवला. बारावीच्या जीवशास्त्रात तो विषय आहे, हे समर्थन अपुरे आहे; दहावीनंतर बहुसंख्य मुले जीवशास्त्राकडे वळत नाहीत, आणि उद्याचा कपाशी उत्पादक, बियाणे विक्रेता, आमदार त्यांच्यातूनच निघणार आहे. घाटी रुग्णालयात प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू घेऊन येणारा रुग्णही त्यांच्यातलाच असेल, आणि औषधाची मुदत अर्धवट का सोडू नये हे त्याला याच धड्याने सांगितले असते.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे राज्याची पाठ्यपुस्तके आता टप्प्याटप्प्याने नव्याने लिहिली जात आहेत. दहावीची पाळी येईल तेव्हा उत्क्रांतीचे प्रकरण जागेवर ठेवावे, आणि त्यात बोंडअळीचे उदाहरण तपशिलाने घालावे, अशी माझी अभ्यास मंडळाला आग्रहाची विनंती आहे. पालकांनी आणि शिक्षकांनीही ती लेखी कळवावी.